मागच्या गल्लीचे पाणी



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, मराठवाड्यातल्या ओव्यांवर फार चांगली व्याख्याने झाली. त्या रांगेत एका होमिओपॅथी डॉक्टरला उभे करून पदाधिकाऱ्यांनी विषय दिला आहे, ‘नगरपालिकेच्या सेवा आणि नागरिकांचे मत’. मी भीत भीत हो म्हटले. मग मनात आले, समोर बसलेल्यांतले निम्मे लोक माझे पेशंट आहेत. तेव्हा मला घाबरण्याचे कारण नाही, घाबरायचे तर तुम्ही.

विषयातला ‘मत’ हा शब्द आधी घेऊ. बल्दियाविषयी मत नाही असा माणूस मला हैदराबादेत भेटलेला नाही. आपल्या घरांतून अजून ‘बल्दिया’च म्हणतात, पुण्याहून आलेल्या सुनेला तो शब्द समजावून सांगावा लागतो. दवाखान्यात माणूस गुडघा दुखतो म्हणून येतो आणि गुडघ्याआधी रस्त्यातल्या खड्ड्याचे सांगतो. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, बारशाला, सगळीकडे ही मते मुबलक असतात. माझा प्रश्न एवढाच आहे की ही मते पुढे जातात कुठे? चाळीस वर्षे दवाखाना चालवून मला जे उत्तर सापडले ते आज सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीही सांगणार आहे.

थोडे मागे जाऊ. या शहरात म्युनिसिपालिटीचा कारभार 1869 साली, पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत सुरू झाला. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात शहराचे दोन भाग पडत, तुघ्यानीच्या आधीचे आणि नंतरचे. 28 सप्टेंबर 1908 ला मूसीला महापूर आला. सुमारे 15,000 माणसे गेली असे सांगतात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया दवाखान्यात आजही उभे आहे. आपली विवेकवर्धिनी त्याच्या आदल्याच वर्षी, 1907 मध्ये निघाली होती. म्हणजे शाळेचे पहिले विद्यार्थी हा पूर पाहिलेली मुले होती.

पुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांची बरीच वर्षे गेली होती, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी बसवले होते. 1909 मध्ये ते इथे आले. पूर अडवण्यासाठी शहराच्या वर धरणे बांधावीत, असे त्यांनी सांगितले. त्यातून उस्मानसागर झाला 1920 साली आणि हिमायतसागर 1927 साली. शहराच्या ड्रेनेजसाठीही त्यांचाच सल्ला घेतला गेला. 1912 मध्ये ‘आरायिशे बल्दा’ म्हणजे शहर सुधारणेचे मंडळ निघाले. रस्ते रुंद झाले, कोंदट वस्त्या मोकळ्या झाल्या. उस्मानसागराला आपण गंडीपेट म्हणतो. गंडीपेटचे पाणी एकदा प्यायलेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, ही म्हण तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. आपण त्या म्हणीचा जिवंत पुरावा आहोत.

काम मोठे झाले, यात वाद नाही. पण ते मिळाले कसे, हेही पाहिले पाहिजे. ते वरून मिळाले. हुजुरांची मेहेरबानी म्हणून मिळाले. आपल्या वाडवडिलांचा बल्दियाशी संबंध अर्जाचा होता. अर्ज करायचा, कोणा वजनदार माणसाची शिफारस जोडायची आणि वाट पाहायची. काम झाले तर आभार मानायचे, न झाले तर नशीब. हिशेब मागणे त्या व्यवस्थेत बसत नव्हते.

त्याच काळात पुण्यात दुसरी रीत रुजत होती. 1870 मध्ये सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा तिचा नियम असा होता की सभासद व्हायचे तर किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र आणायचे. ‘मला वाटते’ असे म्हणून तिथे चालत नव्हते, ‘आम्हां पन्नास जणांना वाटते’ असे दाखवावे लागे. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यायचे म्हणून शहर सजवायला खर्च काढला, तेव्हा फुल्यांनी विरोध केला. लोकांचा पैसा कशावर खर्च होतो, हे विचारणारा माणूस सभागृहात बसलेला होता.

आपल्याकडे 1933 च्या कायद्याने निवडणुकीची वाट उघडली, 1942 मध्ये ती बंद झाली. पोलीस ॲक्शननंतर, 1951 मध्ये निवडून आलेली कॉर्पोरेशन बसली आणि माडपाटी हनुमंतराव पहिले महापौर झाले. 1960 मध्ये सिकंदराबादचे वेगळे कॉर्पोरेशनही हैदराबादेत मिळाले. पण मध्ये 1956 येऊन गेले होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथे राहिलो. माझ्या मते त्या वर्षापासून आपल्या मनात एक गोष्ट घर करून बसली. राज्य तेलुगू लोकांचे, भाषा तेलुगू, आपण थोडे. आपण कशाला पुढे पुढे करायचे? कोणाशी तरी ओळख ठेवावी, आपले काम करून घ्यावे, बाकी शाळा, ग्रंथालय, गणेशोत्सव आणि नाटक सांभाळावे. हे शहाणपण वडिलांनी मला शिकवले आणि मी ते पाळले. त्याचा परिणाम काय झाला, ते आता सांगतो.

गोष्ट 1997 च्या पावसाळ्यातली आहे. कोणते कार्यालय, कोणता अधिकारी हे मी बोलणार नाही. सांगायचे आहे ते माझ्याविषयी आहे. शहराच्या जुन्या भागात आमची गल्ली, सात-आठ मराठी घरे, दोन मारवाडी, एक तेलुगू वकील. पाठीमागे एक अरुंद गल्ली, तिथे रिक्षावाले, शिंपी, रंगारी, घरकाम करणाऱ्या बाया. दोन्ही गल्ल्यांना एकाच जुन्या पाइपातून पाणी. तो पाइप मोरीच्या कडेने गेलेला.

आमच्या जैन घरांत पाणी गाळून पिण्याचा नेम असतो. माझी आई नळाला दुहेरी कापडाचे गाळणे बांधत असे. त्या श्रावणात ती एक दिवस गाळणे घेऊन माझ्यापुढे आली. कापड काळपट झाले होते आणि त्याला मोरीचा वास येत होता. कारण समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. एक दिवसाआड तासभर येते आणि बंद होते. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे फुटक्या जागेतून पाणी बाहेर जाते. बंद झाले की दाब जातो आणि त्याच फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या पाळीला पहिली बादली तीच येते. कापडाच्या गाळण्याने गाळ अडतो, काविळीचा विषाणू अडत नाही.

आम्ही तीन अर्ज दिले. एकाचीही पोच घेतली नाही, कारण पोच मागणे म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवणे, असे आम्हाला वाटे. कार्पोरेटरकडे जावे तर कार्पोरेटरच नव्हता. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला अमलात आली. वेळेवर निवडणुका घ्या, तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या करा, असे ती सांगते. पण हैदराबादेत 1986 च्या निवडणुकीनंतरची निवडणूक झाली ती थेट 2002 मध्ये. मधली बरीच वर्षे या शहराला लोकांचा प्रतिनिधी नव्हता, आणि खरे सांगायचे तर आमच्या गल्लीत कोणाला ते जाणवलेही नव्हते.

मग मी वडिलांचा मार्ग धरला. माझ्या एका पेशंटचे जावई त्या खात्यात होते. त्यांच्या कानावर घातले. चौथ्या दिवशी सकाळी सहा माणसे आली, रस्ता खणला आणि आमच्या गल्लीची कनेक्शने पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या लायनीला जोडून दिली. पाणी स्वच्छ यायला लागले. सगळ्यांनी माझे कौतुक केले. सौ.ने कामगारांना चहा-पोहे दिले. मी त्या जावईबापूंना दिवाळीला मिठाई पाठवली. जुना पाइप मागच्या गल्लीसाठी तसाच राहिला.

दोन महिन्यांनी मागच्या गल्लीतली एक बाई सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सून सात महिन्यांची गरोदर होती, डोळे पिवळे. साध्या माणसाला महिन्याभरात सोडणारी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. हा आजार माझ्या गोळ्यांचा नव्हता. मी ताबडतोब चिठ्ठी देऊन तिला मोठ्या दवाखान्यात पाठवले. सून वाचली. मूल गेले.

पंधरा दिवसांनी ती बाई चिठ्ठीवरचे कागद दाखवायला आली. जाता जाता दारात थांबून म्हणाली, “डाक्टरसाब, तुम्हारे घर को पानी साफ आरा कते. हमारी गल्ली का भी बोल देते तो क्या जाता था?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आले असते.

त्या पाण्यानेच हे झाले, हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण त्या रात्री मी दवाखान्यातले तीन महिन्यांचे केसपेपर काढले. काविळीचे अकरा होते, त्यांपैकी आठ मागच्या गल्लीचे. प्रत्येकाचा जिभेचा रंग, झोप, तहान, स्वभाव मी लिहून घेतला होता. आठ कागद एका शेजारी एक ठेवून पाहण्याचे मात्र मला सुचले नव्हते. ज्या शहरात, बेगमपेठेत, 20 ऑगस्ट 1897 ला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले, त्या शहरातला मी डॉक्टर!

आता माझ्या व्याख्यानाचा मुद्दा. माझ्या ओळखीने आमच्या गल्लीचे काम झाले, यात कोणाला नियम मोडल्यासारखे वाटत नाही. मी लाच दिली नव्हती. पण त्या कामाने एक गोष्ट घडली. ज्यांना अर्ज लिहिता येतो, इंग्रजी बोलता येते, ज्यांच्या घरी फोन आहे, ती सगळी घरे त्या फुटक्या पाइपावरून उठली. त्या भागातून येणाऱ्या तक्रारी थांबल्या. कार्यालयाच्या कागदावर याचा अर्थ एकच होतो, तक्रारी बंद म्हणजे लोक समाधानी. ओळखीने सुटलेली अडचण कोणत्याही वहीत चढत नाही, आणि ज्यांची कोणाशी ओळख नाही त्यांची अडचणही तिच्याबरोबर वहीतून पुसली जाते. आपले मौन समाधान म्हणून मोजले जाते. मागच्या गल्लीचा आवाज मी असा काढून घेतला होता.

आज हे ओळखीशिवायही होते. पाणी वाईट, आपण आरओ बसवतो किंवा वीस लिटरचा कॅन मागवतो. पाणी कमी, बोअर मारतो, टँकर आणून संप भरतो. वीज जाते, इन्व्हर्टर. प्रत्येक घर आपापल्या पैशाने सार्वजनिक सेवेतून एकेक पाय बाहेर काढते आणि मग म्हणते, बल्दियाचे आपल्याला काय करायचे आहे? ग्रेटर हैदराबाद कॉर्पोरेशन 2007 मध्ये झाले, आसपासच्या 12 नगरपालिका जोडून. त्यानंतरच्या 2009, 2016 आणि 2020 या तिन्ही निवडणुकांत निम्म्याहून कमी लोकांनी मत दिले. 13 ऑक्टोबर 2020 ला बेगमपेठेला एका दिवसात सुमारे 19 सेंटीमीटर पाऊस झाला, तलाव फुटले, वस्त्या बुडाल्या. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत मतदान होते. तेव्हाही टक्का 46 च्या आसपासच राहिला. त्या दिवशी आपल्यातले किती जण केंद्रावर गेले, हे मी विचारत नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अनेकांत मानणाऱ्या घरात मी वाढलो, एका बाजूने पाहिलेले पुरे नसते, हे लहानपणी कानावर पडले. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा एक लायनमन माझा पेशंट होता. पहाटे तीनला त्याचा दिवस सुरू होई. तो सांगे, “साहेब, तक्रार ठरलेल्या मुदतीत ‘निकाली’ दाखवली नाही तर मला मेमो. पाइप बदलायला मंजुरी वरून येते, ती माझ्या हातात नाही. मग मी काय करणार? निकाली लिहितो.” त्याच्याकडून जे मोजले जात होते तेच तो देत होता. शिवाय 1989 पासून पाणी आणि ड्रेनेज वेगळ्या बोर्डाकडे, रस्ता कॉर्पोरेशनकडे, खांब विजेच्या कंपनीकडे. एक खड्डा तीन खात्यांचा असू शकतो. तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात आणि खड्डा तिथेच राहतो.

मग लोकांचे मत मोजायचे कसे? बंगळुरूने एक वाट दाखवली आहे. तिथल्या पब्लिक अफेअर्स सेंटरने, सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने, 1994 मध्ये शहरातल्या खात्यांचे प्रगतिपुस्तक काढले. कामासाठी किती खेपा घातल्या, लाच द्यावी लागली का, समाधान झाले का, हे घरोघरी विचारले. झोपडपट्टीतल्या लोकांना वेगळे विचारले. खात्यांना मार्क दिले आणि ते छापले. पहिल्या वेळी मार्क लाज वाटावी असे होते. 1999 ला पुन्हा विचारले, थोडीच सुधारणा दिसली. 2003 ला तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा चांगला फरक पडलेला दिसला. नऊ वर्षे लागली. फरक पडण्याची कारणे अनेक होती, पण तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारे कोणीतरी टिकून राहिले, हे त्यातले एक होते. आम्ही होमिओपॅथीवाले याला फॉलोअप म्हणतो. पेशंट परत आला नाही म्हणजे तो बरा झाला, असे धरणारा डॉक्टर स्वतःला फसवत असतो.

1997 ची गोष्ट पुरी करतो. ते आठ केसपेपर, नावे झाकून, आणि मागच्या गल्लीतल्या लोकांच्या सह्या घेऊन मी पुन्हा अर्ज तयार केला. तेलुगू मजकूर आमच्या वकिलांनी लिहिला. आमच्याच गल्लीत सह्या मागायला गेलो तेव्हा ऐकले, “डॉक्टर, आपल्याला आता चांगले पाणी येते. उगाच कशाला?” पहिली सही केली ती पंच्याऐंशी वर्षांच्या आप्पांनी, निजामाच्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मोडीत सही केली. कार्यालयातल्या कारकुनाने विचारले, “ही कुठली भाषा?” मी म्हटले, याच शहराची. मग आईने केली, मग बाकीच्यांनी. या वेळी पोच घेतली, तारखेसह. दर पंधरा दिवसांनी आमच्यातले एक आणि मागच्या गल्लीतले एक असे दोघे जाऊन विचारत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात नवा पाइप पडला. उशीर फार झाला, आणि एका घरासाठी तर फारच.

तेव्हापासून दवाखान्यात एक साधी वही आहे. तारीख, घर, तक्रार सांगणाऱ्याच्या शब्दांत, तक्रार क्रमांक, कोणी काय सांगितले, पुन्हा कधी विचारले. ‘निकाली’ हा शेरा कार्यालयाचा असतो. आमच्या वहीत शेवटचा रकाना ‘बरे झाले का?’ असा आहे आणि तो ज्याची तक्रार त्यानेच भरायचा. आज सोयी पुष्कळ आहेत. फोनवर तक्रार घेतली जाते, क्रमांक मिळतो, सोमवारी प्रजावाणीत अधिकाऱ्यांसमोर उभे राहता येते, 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. या सोयी वाईट नाहीत. पण त्या वापरायला आपण आपल्यापुरते जातो, आणि आपले काम झाले की परत फिरतो.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. आपली संस्था मराठी पुस्तके जपते, तशी एक वही जपावी. काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा, इसामिया बाजार, जिथे जिथे आपली घरे आहेत तिथल्या तक्रारी तिच्यात लिहाव्यात, आणि एकच नियम करावा. सार्वजनिक सभेने पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र मागितले होते, आपण एकाचे मागू. ज्याला आपली तक्रार वहीत लिहायची असेल, त्याने मागच्या गल्लीतल्या एका घराची तक्रार बरोबर आणावी. त्या घरची भाषा कोणतीही असो. वर्षाच्या शेवटी वही याच व्यासपीठावर वाचावी आणि तिची प्रत संबंधित कार्यालयांना द्यावी, पोच घेऊन.

गेल्या आठवड्यात त्या बाईचा नातू दवाखान्यात आला होता. त्याच सुनेचा नंतरचा मुलगा, आता कॉलेजात शिकतो. खोकला होता. मी औषध दिले आणि सवयीने विचारले, घरी पाणी कसे येते? म्हणाला, “सोमवार से थोडा बू आरा, डाक्टरसाब.” मी वहीत लिहून घेतले आहे. उद्या त्या गल्लीत जाणार आहे. तुमच्यापैकी कोणाला बरोबर यायचे असेल तर सकाळी सातला दवाखान्यापाशी या.